कार्बन, ऊर्जा, तंत्रज्ञान आणि कर्ज : एकाच साच्यातले शोधनिबंध कसे वाचायचे?

पर्यावरणाच्या अर्थशास्त्रात संशोधन करायचं ठरवलं असेल, तर एक शीर्षक तुमच्या नजरेस पडलंच असेल. अमुक देशातील ऊर्जावापर, तांत्रिक नवोन्मेष आणि वित्तीय विकास यांचा कार्बन उत्सर्जनावर परिणाम. देशाचं नाव बदलतं, वर्षं बदलतात, बाकी साचा तोच. जागतिक बँकेच्या संकेतस्थळावरून पाच-सहा चल उतरवायचे, लॉग घ्यायचा, युनिट रूट चाचणी, मग एआरडीएल, मग ग्रेंजर कारणमीमांसा आणि शेवटी शासनाला शिफारशी.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी हा साचा फार मोहात पाडतो. विदा फुकट आहे, सॉफ्टवेअर हाताशी आहे, सिनॉप्सिस लवकर तयार होते. म्हणून आज एखाद्या निबंधाचा सारांश न देता या साच्याचीच चिकित्सा करू. तुमची तीन-चार वर्षं यात जाणार आहेत. शिवाय अशा निबंधांतले सहगुणक पुढे धोरणाच्या कागदांत जाऊन बसतात, ही गोष्ट त्याहून मोठी.

दोन निबंध, दोन उलट उत्तरं

सुरुवात दोन प्रत्यक्ष निबंधांपासून करू. दोन्ही बरेच उद्धृत झालेले आहेत.

जलील आणि फेरिदुन यांचा चीनवरचा निबंध २०११ मध्ये 'एनर्जी इकॉनॉमिक्स'मध्ये आला. कालखंड १९५३ ते २००६, पद्धत एआरडीएल. निष्कर्ष असा की वित्तीय विकासामुळे चीनमधलं प्रदूषण कमी झालं. बुटाब्बा यांचा भारतावरचा निबंध २०१४ मध्ये 'इकॉनॉमिक मॉडेलिंग'मध्ये आला. कालखंड १९७१ ते २००८. निष्कर्ष नेमका उलटा : वित्तीय विकासामुळे भारतातलं उत्सर्जन दीर्घकाळात वाढलं.

आता प्रश्न असा की पैशाचा पुरवठा वाढला की धूर वाढतो की घटतो? साहित्य-समीक्षेच्या प्रकरणात आपण सहसा 'या विषयावर मतभिन्नता आढळते' असं एक वाक्य टाकून पुढे जातो. तसं जाऊ नका. दोन सक्षम अभ्यासक जवळपास एकच यंत्र वापरून उलट उत्तरं काढतात, तेव्हा देश वेगळे आहेत हे एक कारण असू शकतं. पण ते यंत्र नेमकं काय मोजतंय, हेही तपासायला हवं.

चीनचा कालखंडच बघा. १९५८ ते १९६० ही 'मोठ्या झेपे'ची वर्षं, गावोगावी पोलाद वितळवण्याच्या भट्ट्या पेटलेल्या. त्या काळात उत्सर्जनाचा आलेख एकदम उसळतो आणि १९६१ नंतर कोसळतो. १९७८ च्या सुधारणांपूर्वी तिथे आपल्याला समजते तशी बँकव्यवस्थाच नव्हती. पैसा कुठे जाणार हे योजना ठरवत होती. १९५५ चं कर्ज आणि २००५ चं कर्ज एकाच स्तंभात लिहिलं म्हणून ती एकच गोष्ट होत नाही.

पहिली अडचण : उत्सर्जन मोजलेलं नसतं, काढलेलं असतं

हा मुद्दा लक्षात राहिला तरी या लेखाचं काम झालं.

देशाचं कार्बन उत्सर्जन कोणी धुराड्याला नळी लावून मोजत नाही. देशात किती कोळसा, तेल आणि वायू जळला याचा हिशेब घेतात आणि प्रत्येक इंधनाच्या ठरलेल्या गुणकाने गुणतात. आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत एक टेराज्यूल ऊर्जेमागे साधारण बिट्युमिनस कोळशाला ९४.६ टन, डिझेलला ७४.१ टन आणि नैसर्गिक वायूला ५६.१ टन कार्बन डायऑक्साइड असे गुणक आहेत. त्यात सिमेंट बनवताना चुनखडीतून निघणारा वायू मिळवला की झाली आकडेवारी तयार.

म्हणजे समीकरणाच्या डाव्या बाजूचं उत्सर्जन हे मुळात उजव्या बाजूच्या ऊर्जेतूनच तयार झालेलं असतं. मग ऊर्जावापराचा सहगुणक ठळक येणार, आर-वर्ग ०.९९ येणार, यात नवल ते काय?

घरातलं उदाहरण घ्या. वीजबिल म्हणजे ढोबळमानाने युनिट गुणिले दर. शंभर घरांची बिलं घेतली आणि रिग्रेशनमध्ये दोन चल टाकले : वापरलेली युनिटं आणि घरातल्या एसींची संख्या. युनिटांचा सहगुणक दणदणीत येईल आणि एसीचा जवळपास शून्य. कारण युनिटं तेवढीच धरली, तर एसी असला काय नि नसला काय, बिल तेवढंच. आता निबंधाचा सारांश लिहा बघू : 'एसीचा वीजबिलावर परिणाम होत नाही.' गणित बरोबर आहे, वाक्य मात्र हास्यास्पद.

आपल्या साच्यात नेमकं हेच घडतं. उत्पन्न, कर्ज, तंत्रज्ञान यांचा उत्सर्जनावर होणारा परिणाम मुख्यतः ऊर्जावापरातूनच जातो. कर्ज मिळालं, गाडी घेतली, पेट्रोल जळलं. मॉडेलमध्ये ऊर्जा 'स्थिर' धरली की हा रस्ताच बंद होतो. मग कर्जाच्या सहगुणकात उरतं काय? उत्पन्न तेवढंच, ऊर्जा तेवढीच, आणि तरी उत्सर्जन वेगळं. ते फक्त इंधनांचं मिश्रण बदललं तरच शक्य आहे. थोडक्यात, तो सहगुणक वित्ताचा पूर्ण परिणाम सांगतच नाही, एका अरुंद वाटेचा सांगतो.

हे काही माझं नवं निरीक्षण नव्हे. इटकोनेन यांनी २०१२ मध्ये आणि जाफरुल्ला आणि किंग यांनी २०१७ मध्ये हा दोष सविस्तर मांडला आहे. तरीही साचा चालूच आहे. दोष दाखवणाऱ्या निबंधापेक्षा साच्यातला पुढचा निबंध लिहिणं सोपं असतं, हे त्यामागचं साधं कारण.

दुसरी अडचण : 'नवीकरणीय' म्हणजे चूलसुद्धा

आता भारतात येऊ. इथे मामला अधिक रंगतो.

जागतिक बँकेच्या संग्रहात 'एकूण अंतिम ऊर्जावापरात नवीकरणीय ऊर्जेचा वाटा' असा एक चल आहे. नाव वाचून डोळ्यांसमोर सौरपट्ट्या आणि साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या येतात. पण भारतासाठी हा आकडा १९९० मध्ये निम्म्याहून जास्त होता आणि गेल्या दशकात साधारण एक तृतीयांशावर आला. सौरऊर्जा वाढत असताना वाटा घटला कसा?

कारण या आकड्याचा मोठा हिस्सा म्हणजे सरपण, गोवऱ्या आणि काडीकचरा. तीस वर्षांत स्वयंपाकघरातली चूल हळूहळू विझत गेली, गॅस आला, वीज आली, आणि त्याचबरोबर कोळसा आणि तेल कित्येक पटींनी वाढलं. सौर आणि पवन वाढले खरे, पण चुलीची घट भरून काढण्याइतके नाही.

आता रिग्रेशन चालवा. नवीकरणीय वाटा खाली चाललाय, उत्सर्जन वर चाललंय. सहगुणक ऋण येणार, तोही ठळक. निबंध म्हणणार : 'नवीकरणीय ऊर्जेमुळे उत्सर्जन घटते, म्हणून शासनाने सौरऊर्जेला प्रोत्साहन द्यावे.' शिफारस चांगलीच आहे, पण ती या विदेतून निघत नाही. या विदेतून प्रामाणिकपणे काही निघत असेल तर ते असं : पुन्हा चुलीकडे वळा!

इथे गंमत संपते. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबं २०१५-१६ मध्ये ४३.८ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्के झाली. या बदलाने किती बायकांचे डोळे आणि फुप्फुसं वाचली, ते या साच्याला दिसत नाही. त्याला दिसतं एवढंच की 'नवीकरणीय' वाटा घटला आणि गॅस जळल्यामुळे उत्सर्जन वाढलं. सरपणाचा कार्बन डायऑक्साइड ऊर्जाक्षेत्राच्या बेरजेत धरतच नाहीत, गॅसचा मात्र धरतात. म्हणजे एका गावाने चूल सोडली, तर साच्याच्या हिशेबात त्या गावाने पर्यावरण बिघडवलं. चलाच्या नावावर विश्वास ठेवला की निष्कर्ष कुठे जाऊन पोचतो, ते बघा.

हीच किल्ली बुटाब्बांच्या निष्कर्षालाही लावून बघता येते. जागतिक बँकेच्या दरडोई ऊर्जावापरात सरपणही धरलेलं असतं. १९७१ ते २००८ या काळात भारतात सरपणाचा वाटा घटला, कोळसा आणि तेलाचा वाढला. म्हणजे एकूण ऊर्जेच्या दर एककामागे हिशेबात येणारं उत्सर्जन वाढलं. नेमक्या याच काळात बँककर्जाचं जीडीपीशी प्रमाणही वाढत गेलं. ऊर्जा स्थिर धरल्यावर कर्जाच्या सहगुणकात इंधनबदलच उरतो, हे आपण वर पाहिलं. मग तो धन सहगुणक बँकांविषयी बोलतोय की चुलीविषयी? दोन्ही वाचनं शक्य आहेत, आणि फक्त देशपातळीच्या वार्षिक आकड्यांवरून त्यांतलं एक निवडता येत नाही. तुमच्या समीक्षेच्या प्रकरणात लिहायचं वाक्य हे आहे. 'मतभिन्नता आढळते' हे नव्हे.

तिसरी अडचण : पेटंट मोजून तंत्रज्ञान कळत नाही

तंत्रज्ञानासाठी साच्यात बहुतेक वेळा पेटंट अर्जांची संख्या घेतात. भारताचा पेटंटचा आलेख समोर ठेवला की नव्वदच्या दशकानंतर तो चढताना दिसतो. त्यामागे काय आहे? १९७० च्या कायद्यात औषधांना उत्पादन-पेटंट नव्हतं. जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर कायदा बदलावा लागला आणि २००५ पासून उत्पादन-पेटंट आलं. अर्ज वाढले, त्यांत बराच काळ मोठा वाटा परदेशी अर्जदारांचा होता. औषधाच्या रेणूवरचा अर्ज आणि कोळशाचा धूर यांचा संबंध काय?

उलट ज्या तंत्रज्ञानाने खरोखर वीज वाचली, ते पेटंटच्या आकड्यात सापडत नाही. एलईडी दिव्याचं घ्या. सरकारी कंपनीने घाऊक निविदा काढल्या आणि २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना खरेदी होणारा दिवा २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत आला. उजाला योजनेतून ३६ कोटींहून जास्त दिवे वाटले गेले. इथे नवा शोध भारतात लागलेला नाही. खरेदीची पद्धत बदलली आणि तंत्रज्ञान पसरलं. उत्सर्जनावर परिणाम शोधाचा होतो तसा प्रसाराचाही होतो, आणि पेटंटची मोजणी प्रसाराबाबत मुकी असते.

चौथी अडचण : कर्ज किती यापेक्षा कर्ज कुणाला आणि कितीने

वित्तीय विकासासाठी ठरलेला चल म्हणजे खासगी क्षेत्राला दिलेल्या कर्जाचं जीडीपीशी प्रमाण. भारतात २००० च्या सुमारास ते तीस टक्क्यांच्या आत होतं, २०१० पर्यंत पन्नासच्या आसपास गेलं. त्या दशकात बँकांनी वीजप्रकल्प, पोलाद आणि रस्त्यांना भरभरून कर्जं दिली. त्यांतली बरीच पुढे बुडीत निघाली, हा इतिहास तुम्हाला माहीत आहेच. पण या एका आकड्यात औष्णिक प्रकल्पाचं कर्ज, शेतकऱ्याच्या सौरपंपाचं कर्ज आणि दुचाकीचा हप्ता सगळं एकत्र कालवलेलं असतं.

वित्ताचा उत्सर्जनाशी खरा सांधा व्याजदरात आहे. औष्णिक केंद्राचा मोठा खर्च आयुष्यभर कोळशावर होतो. सौरप्रकल्पाला इंधन फुकट, पण जवळपास सगळा खर्च पहिल्या दिवशी. त्यामुळे व्याज वाढलं की सौरऊर्जेला जास्त लागतं. एक कच्चा हिशेब करू. समजा एक मेगावॉटला ४ कोटी खर्च, त्यातले ७० टक्के म्हणजे २.८ कोटी कर्ज. व्याज ८ ऐवजी ११ टक्के झालं, तर पहिल्या वर्षी ८.४ लाख रुपये जास्त. क्षमतेच्या २० टक्के धरलं तर वर्षाला १७.५२ लाख युनिट वीज. म्हणजे युनिटमागे साधारण ४८ पैसे. ज्या लिलावांत पैशापैशाने बोली ठरते, तिथे ४८ पैसे म्हणजे प्रकल्प होणं आणि न होणं यातला फरक.

मध्य प्रदेशातल्या रीवा प्रकल्पाच्या २०१७ च्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर २.९७ रुपयांपर्यंत उतरला. पट्ट्या स्वस्त झाल्या होत्या हे खरंच. पण वीज घेणाऱ्याने पैसे थकवले तर काय, याचीही हमी करारात बांधलेली होती आणि राज्य सरकार त्यामागे उभं होतं. जोखीम घटली की भांडवल स्वस्त होतं. 'वित्तीय विकास' हा जाडजूड चल ही गोष्ट पकडूच शकत नाही.

पाचवी अडचण : वर्षं तीस, सहगुणक पंधरा

ही अडचण थोडक्यात, कारण हिशेब सोपा आहे. १९९० ते २०२० म्हणजे ३१ निरीक्षणं. एक अवलंबी चल, चार स्वतंत्र चल, सगळ्यांना दोन लॅग. दोन निरीक्षणं लॅगमध्ये गेली, उरली २९. अंदाजायचे सहगुणक : स्वतःचे लॅग २, बाकी चारांचे प्रत्येकी ३ म्हणजे १२, आणि एक स्थिरांक. एकूण १५. स्वातंत्र्यांश उरले १४. त्यातही लॅगच्या संभाव्य जुळण्या २ गुणिले ३ चा चौथा घात, म्हणजे १६२. सॉफ्टवेअर त्यातली एक निवडून देतं. पेसरान, शिन आणि स्मिथ यांची २००१ ची बाउंड्स चाचणी उत्तम आहे, आणि लहान नमुन्यांसाठी नारायण यांनी २००५ मध्ये वेगळी क्रांतिक मूल्यंही दिली आहेत. पण चाचणी चांगली असली म्हणून विदेत नसलेली माहिती ती निर्माण करत नाही. काळाबरोबर सगळंच वाढतं. अशा दोन मालिकांत खोटा संबंध किती सहज दिसतो, हे यूल यांनी १९२६ मध्ये आणि ग्रेंजर-न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्ये दाखवून ठेवलं आहे.

मग हे निबंध टाकाऊ का?

नाही. दोन गोष्टींचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. उत्सर्जनाची चर्चा फक्त लोकसंख्या आणि उत्पन्नाभोवती फिरत होती, तिच्यात बँक आणि भांडवलबाजार या साहित्याने आणले. दुसरं, एका देशाचा दीर्घ इतिहास एकत्र मांडल्यामुळे पुढच्या माणसाला प्रश्न नेमका करता येतो. बुटाब्बांनी कर्जाचा प्रश्न मांडला नसता, तर वरची चुलीची शंका आपण घेतलीच नसती. टीका करायची ती प्रश्न पुढे न्यायला, शेरा मारायला नव्हे.

तुम्ही काय करू शकता?

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा या चार गोष्टी जवळ ठेवा.

१. प्रत्येक चलाची व्याख्या मुळातून वाचा. संकेतस्थळावर चलाच्या शेजारी तपशील असतो. तो छापून वहीत चिकटवा. डाव्या बाजूचा चल उजव्या बाजूच्या चलातून तर तयार झालेला नाही ना, हे आधी बघा.

२. ऊर्जा समीकरणात ठेवणार असाल तर का, हे एका वाक्यात लिहा. फक्त घटक वेगळे करून दाखवायचे असतील, तर काया समीकरणावर आधारित विघटन करा : लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नामागे ऊर्जा, ऊर्जेमागे कार्बन. ते प्रामाणिक आहे, कारण ते कार्यकारणाचा दावाच करत नाही.

३. देश सोडून खाली उतरा. केंद्रीय विद्युत प्राधिकरण वीजकेंद्रांच्या उत्सर्जनाची विदा प्रसिद्ध करतं. वार्षिक उद्योग पाहणीत कारखान्यांच्या इंधनखर्चाची माहिती मिळते. रिझर्व्ह बँक कोणत्या क्षेत्राला किती कर्ज गेलं ते दरमहा सांगते. हे सगळं जुळवायला वेळ लागतो, डोकं उठतं, पण तिथे निरीक्षणं तीस नसतात, हजारो असतात.

४. नियम जिथे बदलला ती जागा शोधा. उदाहरण देतो. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये नवीकरणीय ऊर्जेची कर्जं प्राधान्य क्षेत्रात आणली, कर्जदारामागे मर्यादा १५ कोटी. २०२० मध्ये ती ३० कोटी केली. १५ ते ३० कोटींच्या दरम्यानच्या प्रकल्पांना त्यानंतर कर्ज मिळणं सोपं झालं का? व्याज उतरलं का? हा प्रश्न 'वित्तीय विकास आणि कार्बन' यापेक्षा लहान आहे, पण त्याला उत्तर आहे.

गाईड विचारतील, 'एवढा छोटा विषय?' तेव्हा वीजबिल आणि एसीचं उदाहरण सांगा. आणि पुढचा निबंध हातात घ्याल तेव्हा सारांशाच्या आधी विदेचा परिच्छेद उघडा. तिथे 'नवीकरणीय' असा शब्द दिसला, तर त्यात चूल किती आहे ते आधी शोधा.